रस्ता आहे, पण भिंतीपर्यंतच

संपादक महोदय, नमस्कार.

सिंहस्थ जवळ आला की रोज रिंगरोड, उड्डाणपूल, रुंदीकरण अशाच बातम्या असतात, ते सगळं ठीक आहे, पण माझं दुखणं एका भिंतीचं आहे. मी पाथर्डी फाट्याजवळ राहतो. आमच्या बिल्डिंगमागे भिंत आणि पलीकडच्या लेआउटमध्ये भाजीवाली बसते, गच्चीवरून तिच्या मेथीच्या जुड्या मोजता येतात, पण तिच्यापर्यंत जायचं तर गेटबाहेर पडा, मेन रोडला लागा, यू-टर्न मारा, मग परत आत, दीड किलोमीटर. कोथिंबिरीसाठी पेट्रोल जाळतोय.

लहानपण गावात गेलं, म्हणजे जुन्या नाशकात. तिथे रंगपंचमीला रहाडीमुळे, म्हणजे रंग खेळायच्या हौदामुळे, तिवंधा चौक बंद झाला तरी कोणी अडकत नसे, शेजारच्या बोळातून घुसायचं आणि कुठूनही रविवार कारंजाला निघायचं.

1982 ला महापालिका झाली, आजूबाजूची खेडी शहरात आली आणि एकेक मळा विकला जाऊ लागला. ज्याचा सर्व्हे नंबर त्याचा लेआउट, रस्ता बांधापर्यंत. शेजारचा मळा दहा वर्षांनी विकला जातो, तिथला बिल्डर आपल्या सोयीने रस्ता काढतो, तोंडं जुळतच नाहीत आणि चुकून जुळली तर मध्ये कंपाउंड. शेती गेली पण बांध तिथेच आहे! सिडकोने वसवलेल्या भागाला लोक नावं ठेवतात, गल्ल्या अरुंद आहेतच, पण एका हाताने आखल्यामुळे तिथे गल्लीला गल्ली लागते. 2001 च्या जनगणनेत आपण पावणेअकरा लाख होतो, 2011 ला जवळपास पंधरा लाख, आणि नव्या वस्तीतली प्रत्येक स्कूटर त्याच एका मेन रोडवर येणार असेल तर तो कितीही रुंद करा, पुरणार कसा?

बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या शंभर वर्षांच्या रस्त्यांचा अभ्यास 2015 मध्ये छापला. कुठल्या चौकात किती रस्ते मिळतात, किती रस्ते पुढे बंद होतात, हे त्यांनी मोजलं. तिकडे असे तुटक रस्ते 1994 च्या सुमारापर्यंत वाढत गेले आणि मग नव्या वस्त्यांत पुन्हा जोडलेले रस्ते येऊ लागले. पण जे एकदा तुटक आखले गेले ते बहुतेक तसेच राहतात, घरं पाडून नवी बांधता येतात, रस्ता कोण हलवणार.

म्हणून लेआउट पास करतानाच शेजारच्या रस्त्याचं तोंड कुठे आहे ते बघा एवढंच म्हणणं आहे. आणि जिथे भिंत झालीच आहे तिथे निदान माणूस आणि सायकल जाईल एवढं फाटक ठेवा, गाड्या नकोत.

आता खरं सांगतो, आमची भिंत उंच करायच्या मीटिंगमध्ये मीही हात वर केला होता, तेव्हा चोऱ्या होत होत्या आणि मागून कोणीही यायचं. आता फाटकाचा विषय काढला की सेक्रेटरी तो जुना ठराव पुढे करतात, त्यावर माझी सही आहे.

— एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक