आमच्या शेडचा कोबा नीट करून देणाऱ्या गवंडी मामांना

मामा, नमस्कार. तुमचा मुलगा सारखा मोबाईलमध्ये असतो म्हणाला होतात ना, त्याच्याकडून तरी हे वाचून घ्या. काल रात्री सोलापुरात पहिला दणकून पाऊस झाला आणि मला झोपच लागली नाही, पहाटे साडेपाचला गाडी काढली, अक्कलकोट रोडला शेडवर गेले, शटर वर केलं, मोबाईलची बॅटरी मारली आणि बघते तर आत कुठंच पाणी नाही. शटरखालून जे थोडं आलं असेल ते तुम्ही दिलेल्या उताराला लागून परत बाहेर गेलेलं. मी तिथंच स्टुलावर बसले आणि रडू आलं.

लोकांना वाटेल, कोब्यातल्या एका खड्ड्यासाठी एवढं काय. पण त्या खड्ड्यानं आमचं काय केलं ते आम्हालाच माहीत. टॉवेलच्या शिलाईचं काम आमचं, सात बायका, गठ्ठे जमिनीवरच असतात. मागच्या सप्टेंबरात रात्रभर पाणी साचलं, मरून टॉवेलचा रंग पांढऱ्यांना लागला, अख्खा माल परत आला. ते नुकसान भरून निघालं, पण त्याच पाण्यात आमच्या मावशी घसरल्या आणि मनगट मोडलं, दीड महिना हात गळ्यात. शिलाईवाल्या बाईचा उजवा हात हो. ते मला अजून टोचतं.

आणि त्याआधी कुणा गवंड्याला सांगितलं नव्हतं असं नाही. पहिला जो आला त्यानं नुसता झाडू मारला, वरून सिमेंटचं पाणी ओतलं, पैसे घेतले आणि गेला, महिन्यात त्याच्या पापडासारख्या खपल्या निघाल्या, फोन केला तर उचलत नाही. दुसरा दारातच उभा राहिला, आत पाऊलसुद्धा टाकलं नाही, म्हणे सगळा कोबा फोडून नवीन करायला लागतो. तेही माझ्याशी नाही, आमच्या ह्यांच्याशी बोलला, शेड मी चालवते हे सांगूनसुद्धा. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून आम्ही गप्पच बसलो, आणि पाऊस काय थांबतोय होय.

तुम्ही आलात ते हातोडी घेऊन खालीच बसलात. टक टक करत सगळीकडं आवाज ऐकला. "भरीव हाय की ओ, खाली पोकळ नाही, फोडायचं कशाला?" मग एक बादली पाणी ओतून जिथवर ते थांबलं तिथवर खडूनं रेघ मारली, पट्टी आडवी टाकून मधे मोजलं तर सहा सूत, म्हणजे पाऊण इंच. तेवढ्यासाठी तो माणूस अख्खी शेड फोडायला निघाला होता! आधीचं का टिकलं नाही तेही तुम्हीच समजावलंत, की इथं पूर्वी माग होते, त्यांचं तेल कोब्यात मुरलेलं, त्यावर सिमेंट धरत नाही, आणि कडेला कागदासारखा पातळ थर ठेवला की तो उडणारच. काम मे महिन्यातलं, पारा ४० च्या वर, तर ऊन उतरल्याशिवाय तुम्ही माल कालवलाच नाही. आणि पुढं ७ दिवस ओली पोती.

पण मामा, हे पत्र त्यासाठी नाही. पोती काढली त्या दिवशी मी पैसे मोजत होते आणि तुम्ही विचारलंत, "पाय कुणाचा घसरला होता?" मावशी मागं मशीनपाशी उभ्या, पुढं यायला लाजत होत्या. तुम्ही म्हणालात, "मावशी, चप्पल काढा आणि चालून दाखवा, पाय कुठं अडतो ते सांगा." त्या हळूहळू चालल्या, भिंतीला हात लावून, आणि तिसऱ्या मशीनजवळ थांबल्या. अंगठ्यानं चाचपून म्हणाल्या, हितं काहीतरी लागतंय. मी हात फिरवला, मला काही कळलं नाही. तुम्ही वाकून पट्टी लावलीत, खालून उजेड दिसला. "मावशींचा पाय बरोबर हाय," एवढंच बोललात आणि दगड घेऊन ती कड घासत बसलात, चांगला अर्धा तास, घाम टपटप खाली पडत होता. मग परत त्यांना चालायला लावलंत. त्या हो म्हणाल्या तेव्हाच सामान आवरलंत, जास्तीचे पैसे दिले तर घेतले नाहीत.

मावशींनी आयुष्यभर आधी विड्या वळल्या, मग शिलाई केली. त्या दिवशी घरी जाताना मला म्हणाल्या, "बाई, मला विचारलं त्यांनी." दोनदा म्हणाल्या. मी स्वतः मालकीण म्हणवते, मलाही कधी सुचलं नव्हतं हो त्यांना विचारायचं. आता मशीन कुठं ठेवायचं, गठ्ठे कुठं लावायचे, मी आधी बायकांना विचारते. ज्याला आपल्या कामाची चाड आहे तो समोरच्याच्या पायाचंही ऐकतो, अशी माणसं आपल्या गावात अजून आहेत ह्याचं मला फार बरं वाटतं.

मामा, तुमची लहान थापी इथंच राहिली आहे. धुऊन, पुसून खिडकीत ठेवली आहे. घ्यायला या, पण दुपारचं या, मावशी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणणार आहेत, तुमच्यासाठी वेगळी बांधून.