परागाच्या एका चमच्यात काय असते?

महोदय,

मधमाशी फुलांवरून जो पराग गोळा करून आणते, त्याला ‘संपूर्ण आहार’ म्हणणारा लेख गेल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. मी कोरेगाव तालुक्यातला मधपाळ. मेलिफेरा या युरोपीय जातीच्या मधमाश्यांच्या साठ पेट्या घेऊन सूर्यफूल, डाळिंब, मका असा फिरतो आणि मधाबरोबर परागही विकतो. म्हणजे लेखाने माझेच गिऱ्हाईक वाढणार. पण लेख वाचून चार जणांनी फोन केले आणि त्यातले एक काका हृदयविकारासाठी रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे निघाले. त्यांना मी नाही म्हणालो. ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय पराग घेऊ नका’ एवढे एक वाक्य लेखात असते, तर हे पत्र लिहिले नसते.

‘संपूर्ण आहार’ म्हणजे काय, ते जरा मोजून पाहू. परागात साधारण वीस टक्के प्रथिने धरतात. फुलागणिक हा आकडा दहापासून चाळीसपर्यंत कुठेही जातो. चहाच्या चमच्यात पाचेक ग्रॅम पराग मावतो, म्हणजे प्रथिने झाली एक ग्रॅम. एका अंड्यात सहा असतात, मूठभर फुटाण्यांतही तेवढीच. क्वेर्सेटिन, केम्फेरॉल, कॅरोटिनॉइड ही लेखातली वनस्पतींतल्या द्रव्यांची नावे खोटी नाहीत, परागात ती असतातच. पण बरेचसे गुण दिसले आहेत ते प्रयोगशाळेतल्या नळीत आणि उंदरांत. माणसांवरचे प्रयोग थोडे आणि लहान आहेत. आणि शाकाहारी माणसाने बी-१२ साठी यावर विसंबू नये.

शिवाय कोणता पराग? मक्याचा फिका, मोहरीचा पिवळाधमक, सूर्यफुलाचा केशरी. सूर्यफुलाचा दिसायला सगळ्यात देखणा, पण त्यात प्रथिने कमी. नुसत्या सूर्यफुलावर ठेवल्या, तर माश्यांचीही तब्येत बरी राहत नाही. बरणीवर ‘प्रथिने २५ टक्के’ छापणाऱ्याला विचारा, की बाबा, कुठल्या रानातला, कुठल्या महिन्यातला? मी स्वतः बरणीवर फुलाचे नाव आणि महिना लिहितो, टक्के लिहीत नाही.

परागाचे कवचही भलतेच चिवट असते. तळ्याच्या गाळात हजारो वर्षांपूर्वीचे पराग सापडतात, ते या कवचामुळेच. आपल्या पोटाला ते पुरते फुटत नाही. माशी तरी कुठे कच्चा खाते? पोळ्याच्या घरात ती तो दाबून भरते, वर मध आणि लाळ घालते, मग तो थोडा आंबतो. आमच्यात अनुभवी लोक पराग रात्री पाण्यात किंवा दह्यात भिजवून खायला सांगतात, ते शहाणपणाचे वाटते.

आता खरी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी माझ्या बहिणीची सून पाहुणी म्हणून आली होती. तिला गाजरगवताचा त्रास. शेतात गेली की अंगावर गांधी उठतात. मी कौतुकाने अर्धा चमचा पराग दुधात घालून दिला. सूर्यफुलाचाच होता, आणि सूर्यफूल नि गाजरगवत एकाच कुळातले, हे मला तेव्हा सुचले नाही. वीस मिनिटांत ओठ सुजले, घसा आवळू लागला. गाडी काढून तालुक्याच्या दवाखान्यात नेली, इंजेक्शन दिल्यावर ती सावरली. बहीण अजूनही माझ्या घरी चहा घेताना डबा उघडून बघते. तेव्हापासून नव्या गिऱ्हाइकाला मी पहिल्या दिवशी दोनच दाणे जिभेवर ठेवायला सांगतो. दमा, सर्दीची ॲलर्जी किंवा गाजरगवताचा त्रास असेल, तर तेवढेही नाही. गरोदर बाई आणि लहान मूल, त्यांना तर मुळीच नाही.

वाळवण्याबद्दलही लेखात एक चूक आहे. ‘कडक उन्हात सुकवलेला’ पराग त्यात चांगला म्हटला आहे, तशी जाहिरातही चालते, पण उन्हाने रंग आणि त्याबरोबर कॅरोटिनॉइड उतरतात. ताज्या परागात वीस ते तीस टक्के पाणी असते, दोन दिवसांत बुरशी धरते. म्हणून तो चाळीस अंशांच्या आत, सावलीत किंवा ड्रायरमध्ये सहा-आठ टक्क्यांवर आणावा लागतो.

आणि हा पराग मिळतो तो माशीच्या पायावरून हिसकावून. पेटीच्या दाराशी पाचेक मिलिमीटर भोकांची जाळी लावतात. माशी त्यातून अंग चोरून शिरते नि पायावरचे गोळे खाली पडतात. एका खेपेला दोन्ही पायांवर मिळून साधारण पंधरा मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या चमच्यात तीनशेवर खेपा. अळ्यांना तोच पराग लागतो, म्हणून मी जाळी एक दिवसाआड काढतो. रोज लावणारेही आहेत, त्यांच्या पेट्या पावसाळ्यात रिकाम्या दिसतात.

येत्या रविवारी ॲलर्जीची आणि औषधांची सूचना त्याच पानावर, चौकटीत छापावी, ही विनंती.

— एक मधपाळ, ता. कोरेगाव, जि. सातारा