इंग्रजीच्या तासाला मुलांना बोलू द्या

संपादक महोदय,

सातपूर भागातल्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवण्याचे माझे पहिले वर्ष नुकतेच संपले. राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही नववीतल्या एका मुलीला धडा वाचायला सांगितला, तर प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिलेले! वाचले खणखणीत, अर्थ विचारला तेव्हा मान खाली गेली.

एक दिवस मी पुस्तके मिटायला लावली आणि घरी कानावर पडणारे इंग्रजी शब्द विचारले. शिफ्ट, ओव्हरटाइम, गेटपास, सुपरवायझर... फळा भरला. बहुतेकांचे पालक एमआयडीसीत कामाला. एरवी गप्प असणारा मागच्या बाकावरचा मुलगा वडिलांच्या रात्रपाळीबद्दल चार वाक्ये इंग्रजीत बोलला. मोडकी होती, पण त्याची स्वतःची होती. घरी जाताना माझे डोळे भरून आले.

दहावीला इंग्रजीच्या १०० पैकी २० गुण तोंडी परीक्षेला असतात. पण साठ मुले आणि पस्तीस मिनिटांचा तास, त्यात प्रत्येकाने बोलायचे कधी? आठवड्यातून एक तास तरी निम्म्या वर्गाला केवळ संभाषणासाठी मिळावा, अशी शिक्षण विभागाला कळकळीची विनंती आहे.

- एक शिक्षिका, नाशिक