ग्रंथपाल बाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,

सविनय नमस्कार.

गुहागर तालुक्यातील आमच्या ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे शासकीय वर्गवारीत सर्वांत लहान श्रेणीच्या, वाचनालयात कथा-कादंबऱ्यांना सभासद मिळतात, पण चरित्रे, आत्मकथने आणि प्रवासवर्णने कपाटातच राहतात, ही अडचण घेऊन मी आपल्याकडे आलो होतो. आपण पुस्तकांची यादी देण्याऐवजी सभासदांची यादी मागितलीत आणि प्रत्येकाने अलीकडे कोणती खरी हकिगत रंगवून सांगितली, ते ऐकून यायला सांगितलेत. त्या प्रश्नाबद्दल हे जाहीर आभार.

विषय पाहून पुस्तक द्यायचे, तर मासेमारी होडीचे प्रमुख असलेल्या आमच्या तांडेलांना समुद्राचे द्यावे लागले असते. ते मात्र वादळांविषयी फारसे बोलत नाहीत. उधारी फेडण्यासाठी परमुलखात गेलेला माणूस घरी कसा पोचला, हे सांगताना त्यांना रंग चढतो. म्हणून आपण त्यांच्यासाठी विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ निवडलात. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक घरचे कर्ज फिटावे म्हणून दक्षिणा मिळण्याच्या आशेने उत्तरेकडे निघाले, १८५७ च्या धामधुमीत सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले, लुटले गेले आणि अखेर आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन परतले. जून-जुलैत मासेमारी बंद असताना तांडेलांनी ते वाचून काढले. आता त्यांचे खलाशीही ते मागू लागले आहेत.

हेच पुस्तक आपण निवृत्त गुरुजींना सुचवलेत, पण निराळ्या कारणाने. कोणतीही हकिगत सांगताना पाहिलेले कोणते आणि ऐकीव कोणते, हे गुरुजी आवर्जून वेगळे करतात. चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीत फेरफार होते आणि दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये मूळ हस्तलिखितावरून संहिता छापली, हे कळताच त्यांनी दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचायला घेतल्या. (त्या देवघेवीच्या टेबलावर परत कधी येतील, हे मात्र मी सांगू शकत नाही.)

बागायतदारांसाठी आपण वीणा गवाणकर यांनी लिहिलेले अमेरिकी कृषिसंशोधकाचे चरित्र ‘एक होता कार्व्हर’ सांगितलेत, तेव्हा भुईमूग आणि रताळ्यांशी हापूसवाल्याचा काय संबंध, असे मला वाटले होते. परंतु शेजाऱ्याला फवारणी कमी करायला पटवताना झालेली फजिती हीच त्यांची आवडती गोष्ट. कापसाने निकस झालेल्या जमिनीचे शेतकरी वळवण्यासाठी १९०६ पासून शेतीची फिरती शाळाच घोडागाडीतून पाठवणारा संशोधक त्यांना आपला वाटला.

दृष्टी अधू झालेल्या आजींसाठी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ नात मोठ्याने वाचते. सुटसुटीत प्रसंग असल्याने कुठेही थांबता येते, शिवाय लक्ष्मीबाईंचे पती ना. वा. टिळक दापोलीकडच्या करजगावचे, हे कळल्यापासून आजी त्यांच्यावर हक्काने रागावतात. पत्रकारितेकडे निघालेल्या मुलीला आपण अनिल अवचटांचे १९६९ चे ‘पूर्णिया’ दिलेत. दुष्काळी बिहारमध्ये गेलेल्या तरुण डॉक्टराचे ते लेखन कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा तिला उपयोगी पडेल, असे माझेही मत आहे.

एक विनंती उरते. एस.टी.चे एक वाहक नुकतेच सभासद झाले आहेत. ते प्रवाशांची भांडणे सांगतात, पण दोन्ही बाजू इतक्या समरसून की निकाल कोणाचाच लागत नाही. त्यांच्यासाठी काय द्यावे, ते सवडीने कळवावे.

आपला कृतज्ञ,
वाचनालयाचा कार्यवाह