शेवटच्या स्टँडवरची मुलगी

प्रिय मनू,

परवा फोनवर तू रडवेली झालीस ना, व्हायोलिनच्या एकदम शेवटच्या स्टँडला, सगळ्यांच्या मागे बसवलं म्हणून, तेव्हा मला काही धड बोलता आलं नाही, उगाच "होईल गं नीट" म्हणून फोन ठेवला. काल संध्याकाळी एका चेंबर ऑर्केस्ट्राच्या कॉन्सर्टला गेलो होतो, सगळी तुझ्याच वयाची पोरं.

कंडक्टर नव्हताच. लीडर मुलगी नाकाने जोरात श्वास घ्यायची, बो, म्हणजे गज, जरासा उचलायची की सगळे एकदम सुरू, आणि तो श्वास मला चौथ्या रांगेत ऐकू येत होता! आधी बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराची सिंपल सिम्फनी, १९३४ ची, नऊ ते बारा वर्षांचा असताना लिहिलेले तुकडे त्याने विशीत परत काढून वापरलेत. पहिल्याच भागात टक्क आवाज आला, लीडरची ई स्ट्रिंग, ती सगळ्यात बारीक तार, तुटली. तिने न थांबता शेजारच्याचं व्हायोलिन घेतलं, त्याने मागच्याचं, असं करत करत तुटकं व्हायोलिन शेवटच्या स्टँडवरच्या मुलीकडे पोचलं आणि ती ते घेऊन पाय न वाजवता आत गेली. बाकीच्यांनी तोवर पिझिकाटोचा अख्खा भाग बोटांनी छेडून वाजवला, छान वाजवला, पण माझं लक्ष आपलं त्या दाराकडे. चौथ्या भागाआधी ती आली, व्हायोलिन परत हातोहात पुढे. नवीन तार सारखी उतरते हे तुला माहितीये, लीडर मधेमधे फाइन ट्यूनर, तो तार कसायचा छोटा स्क्रू, फिरवत होती बिचारी.

मध्यंतरानंतर हायडनची ४५ नंबरची सिम्फनी, १७७२ ची. राजवाड्यात मुक्काम लांबला, वादकांना घरची ओढ लागली, म्हणून त्याने शेवट असा लिहिला की एकेक जण वाजवणं संपवून उठून जातो आणि त्यांच्या मालकाला, प्रिन्स एस्टरहाझीला, काय ते कळतं. काल पण तसंच, ओबो आणि हॉर्न आधी गेले, मग एकेक करत बाकीचे, प्रत्येकजण स्टँडचा दिवा बंद करून. ती मुलगीही गेली. शेवटी आवाज दाबणारा म्यूट लावलेली दोनच व्हायोलिनं उरली, इतकी हळू की माझ्या शेजारच्या काकांनी खोकला दाबून धरला होता. हायडनच्या वेळी त्या दोघांत तो स्वतः होता म्हणतात.

टाळ्यांना सगळे परत आले तेव्हा लीडरने त्या मुलीला हाताला धरून पुढे आणलं. ती नुसती लाजत होती, आणि मला एकदम तुझी आठवण आली, लहानपणी तू पण अशीच एका पायावर उभी राहायचीस.

बरं, तुझ्या केसमध्ये जादा ई स्ट्रिंग आहे का गं? बघून सांग, नसेल तर दोन पाठवतो. दोन कशाला, चार पाठवतो.

तुझा,
बाबा