अम्हारिक आकडे देवनागरीतूनच शिकावेत

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत मुलांसाठी 'परक्या भाषेत दहापर्यंत मोजा' हा तक्ता आला होता. त्यात इथिओपियाच्या अम्हारिक भाषेलाही जागा मिळाली, हे चांगले झाले. मुरूड-राजपुरीच्या पट्ट्यात जंजिरा, सिद्दी, हबसाण हे शब्द रोजचे आहेत. पण त्या हबशांच्या मूळ मुलखात, म्हणजे इथिओपियात, आज काय बोलतात, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. (सिद्दींचे सगळे पूर्वज अम्हारिकच बोलत असतील असे समजू नये. त्या देशात ऐंशीहून अधिक भाषा आहेत. अम्हारिक ही केंद्र सरकारच्या कामकाजाची भाषा.)

मात्र ती ओळ 'अँड, हुलेट, सोस्ट, अराट, अमिस्ट' अशी छापली गेली. रोमन लिपीतली यादी तशीच देवनागरीत उतरवली की असे होते. अम्हारिकमधले साधे त आणि द हे आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हणायचे आहेत. ते रोमनमधून आले म्हणून त्यांचा ट आणि ड करण्याचे काही कारण नाही. शिवाय रोमनमध्ये जिथे 'ई' (e) हे अक्षर दिसते, तिथे बहुतेक वेळा आपल्या 'अ'च्या जवळचा स्वर असतो, आणि जिथे 'ए' (a) दिसते तिथे आपला 'आ'. म्हणून एक ते दहा असे लिहावेत: आंद, हुलत्त, सोस्त, आरात्त, आम्मिस्त, सिद्दिस्त, सबात्त, सिम्मिन्त, झत'ञ्ञ, आस्सिर.

मराठी माणसाला यातले बरेचसे फुकट मिळते. 'आस्सिर'मधला दुहेरी स 'अस्सल'सारखा, 'सिद्दिस्त'मधला दुहेरी द 'जिद्द'सारखा. अम्हारिकच्या स्वतःच्या लिपीत हे द्वित्त दाखवण्याची सोयच नाही. ते कानाने शिकावे लागते. त्या लिपीपेक्षा आणि रोमनपेक्षाही देवनागरी इथे सरस ठरते. 'झ' हा 'झेंडा'तला नव्हे, 'झेरॉक्स'मधला. 'ञ' मात्र वर्णमालेत पाठ करून सोडून दिलेला असतो, तो इथे खरोखर उच्चारावा लागतो. तो 'न्य' असा तोडू नये. जीभ टाळूला सपाट लावून अखंड म्हणावा.

अडचण येते ती दोन ठिकाणी. 'सिद्दिस्त', 'सिम्मिन्त' यांत मी 'इ' लिहिली आहे, पण तो स्वर इ आणि उ यांच्या मधला आहे: इ म्हणताना जीभ जरा मागे घ्यायची, ओठ गोल करायचे नाहीत. भरभर बोलताना तो जवळजवळ गिळला जातो. दुसरी अडचण नऊची. 'झत'ञ्ञ'मधल्या त पुढे मी स्वल्पविराम टांगला आहे, कारण तो साधा त नाही. जीभ त साठी लावावी, घसा आवळून श्वास रोखावा, तसाच रोखलेला ठेवून जीभ सोडावी आणि मग स्वर म्हणावा. टिचकी वाजल्यासारखा आवाज आला की जमले. नवशिके जोर लावायच्या नादात थ किंवा ठ म्हणतात. त्यात हवा बाहेर पडते आणि इथे नेमकी तीच पडू द्यायची नाही. तोंडासमोर कागदाचा कपटा धरून आधी 'थ' आणि मग हा त म्हणून पाहिला तर फरक डोळ्यांना दिसतो.

आता तक्ता दहावर थांबला याबद्दल. दहापर्यंतची यादी म्हणजे मोजणी नव्हे, आणि अम्हारिकची खरी गंमत दहानंतरच सुरू होते. अकरासाठी 'आस्सिर'चे 'आस्रा' होते आणि त्यापुढे एकक जोडायचे: आस्रा आंद, आस्रा हुलत्त, थेट आस्रा झत'ञ्ञ म्हणजे एकोणीसपर्यंत. एकोणीसला 'एक उणे वीस' असा वळसा नाही. मग दशक: वीस हाया, तीस सलासा, चाळीस आर्बा, पन्नास आम्सा (काही जण हाम्सा म्हणतात), साठ सिल्सा, सत्तर सबा, ऐंशी समान्या, नव्वद झत'ना. या शेवटच्या शब्दात झ, त', ना ही तिन्ही अक्षरे सुटी म्हणावीत. मराठी सवयीने मधला अ खाऊन 'झत्ना' करू नये. शंभर म्हणजे मतो, हजार म्हणजे शी.

दशक आधी, एकक नंतर, मध्ये काही नाही. एकवीस म्हणजे हाया आंद, त्रेसष्ट म्हणजे सिल्सा सोस्त. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ तीन' अशा वाचनाचा पर्याय दिला, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता! अम्हारिकमध्ये दुसरी पद्धतच नाही. आपल्याला शंभरापर्यंत जवळजवळ प्रत्येक आकड्याचा शब्द वेगळा पाठ करावा लागतो. तिथे पहिले दहा शब्द, 'आस्रा', आठ दशके, मतो आणि शी एवढ्या एकवीस शब्दांत 9,99,999 पर्यंतची प्रत्येक संख्या म्हणता येते. 347 म्हणजे सोस्त मतो आर्बा सबात्त. 'आणि' घालायचा नाही, प्रत्यय लावायचा नाही.

लाख मात्र नाही. एक लाख म्हणजे मतो शी, अर्थात शंभर हजार. दहा लाखांना मिलियन. स्वल्पविरामही तीन-तीन अंकांवर पडतात. कोकणातल्या माणसाने पाच लाख मनात आणले की जीभ अडखळते, कारण डोक्यात आकडा 5,00,000 असा फोडलेला असतो. आधी कागदावर 500,000 असा लिहून मग वाचावा: आम्मिस्त मतो शी.

सगळ्यात जास्त घोटाळा सलासा आणि सिल्सा यांत होतो. तीस आणि साठ! बाजारातला भाव दुप्पट किंवा निम्मा होतो. कानाने पहिल्या अक्षराकडे लक्ष ठेवावे: 'स' स्पष्ट आणि त्यामागे 'ला' लांब आला तर तीस, आखूड 'सिल्' ऐकू आले तर साठ. त्याखालोखाल सबात्त (सात) आणि सबा (सत्तर). इथे शेवटचा त ऐकू आला की सात.

कोकणातल्या घरोघरी कोणी ना कोणी आखातात राहून आलेले असते, त्यांच्यासाठी एक वेगळा इशारा. अरबी येत असेल तर अम्हारिकचे दशक ऐकताना अरबीचे एकक आठवतात, कारण दोन्ही भाषा एकाच सेमिटिक कुळातल्या. अरबीत सलासा (थलाथा) म्हणजे तीन, अरबा चार, खम्सा पाच, सबा सात, समानिया आठ. अम्हारिकमध्ये त्यांच्याशी जुळणारे सलासा, आर्बा, आम्सा, सबा, समान्या हे मात्र तीस, चाळीस, पन्नास, सत्तर, ऐंशी. 'आर्बा बिर' ऐकून चार बिर पुढे केले की वाद ठरलेला. (बिर हे तिथले चलन, शंभर सांतीम म्हणजे एक बिर.) क्रमही उलटा: अरबी माणूस मराठीसारखे एकक आधी सांगतो, अम्हारिक बोलणारा दशक आधी. त्यामुळे अरबी जाणणाऱ्याने पहिल्या काही दिवसांत भाव बोटांनी किंवा मोबाईलवर आकडा टाकून पक्का करून घ्यावा. 'सिन्त नव?' म्हणजे किती? हा प्रश्न विचारणे सोपे. उत्तर कानाने पकडायला वेळ लागतो.

पाठांतरासाठी अदिस अबाबाचा नकाशा उपयोगी पडतो. तिथे आरात्त किलो, आम्मिस्त किलो, सिद्दिस्त किलो अशा तीन प्रसिद्ध जागा आहेत. सिद्दिस्त किलोला अदिस अबाबा विद्यापीठाचा मुख्य परिसर आहे. म्हणजे चार, पाच, सहा ओळीने मिळाले. 'हाया हुलत्त' म्हणजे बावीस याच नावाचा एक भागही आहे. इथे सराव करायचा तर महामार्गाच्या कडेला उभे राहून गाड्यांचे नंबर वाचावेत. एमएच-08 पुढचे चार अंक 4732 असले तर आधी जोडीजोडीने आर्बा सबात्त, सलासा हुलत्त म्हणावे आणि ते जमले की अख्खी संख्या: आरात्त शी सबात्त मतो सलासा हुलत्त. नुसती एक ते शंभर अशी घोकंपट्टी केली तर मुलांना बेचाळीस सांगण्यासाठी एकपासून सुरुवात करावी लागते. उलटसुलट आकडे समोर आले तरच ही खोड मोडते.

क्रमवाचक करणे सोपे आहे. आकड्याला 'अञ्ञा' जोडायचे: आंदञ्ञा पहिला, हुलत्तञ्ञा दुसरा. मोठ्या संख्येत तो फक्त शेवटच्या शब्दाला लागतो. एकविसावा म्हणजे हाया आंदञ्ञा. संख्येवर अर्धा असेल तर 'तकुल' आणि तो मागून येतो. आपण 'साडेतीन' म्हणतो, ते 'सोस्त तकुल'. दीड आणि अडीचसाठी वेगळे शब्द नाहीत: आंद तकुल, हुलत्त तकुल.

आकडे बरोबर येऊनही माणूस चुकतो ते घड्याळात. इथिओपियात दिवसाची मोजणी सकाळी सहापासून होते. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा आंद सआत, दुपारचे बारा म्हणजे सिद्दिस्त सआत, संध्याकाळचे सहा म्हणजे बारा. सहा वजा करावेत. वजा होत नसतील तर मिळवावेत. इथून फोन करणाऱ्याने आधी अडीच तास मागे जावे आणि मग सहाचा हिशेब करावा: रत्नागिरीत दुपारचे साडेचार, तेव्हा अदिसमध्ये दोन, आणि तोंडी उत्तर मिळेल 'सिम्मिन्त सआत', म्हणजे आठ. मुंबईहून अदिसमार्गे आफ्रिकेत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तिकिटावरची वेळ आंतरराष्ट्रीय असते, पण टॅक्सीवाला तोंडी सांगेल ती स्थानिक मोजणीची असू शकते. 'ब-हबशा' की 'ब-फरंज', एवढे विचारून घ्यावे. पहिली त्यांची, दुसरी परदेशी. तिथल्या माणसांना हा प्रश्न नवा नाही.

तारखांचेही तसेच. त्यांचे वर्ष आपल्या वापरातल्या इसवी सनापेक्षा सात-आठने मागे असते. 2017 हे त्यांचे वर्ष 11 सप्टेंबर 2024 रोजी सुरू झाले. महिने तेरा: तीस दिवसांचे बारा आणि पाच किंवा सहा दिवसांचा तेरावा. कागदपत्रावर 13 हा महिना दिसला तर ती छपाईची चूक समजू नये.

शेवटी, तक्त्यातल्या अंकचिन्हांविषयी. प्रत्येक आकड्याखाली गीझ अंक (अम्हारिकच्या लिपीतले पारंपरिक अंक) छापले आहेत आणि दहासाठी एकाच्या चिन्हापुढे शून्य जोडले आहे. गीझ अंकांत शून्य नाही. दहा, वीस, तीस अशा प्रत्येक दशकाला स्वतंत्र चिन्ह आहे, शंभराला वेगळे, दहा हजारांना वेगळे, हजाराला नाही. 2017 लिहायचे तर वीस, शंभर, दहा, सात अशी चार चिन्हे ओळीने मांडतात. ही चिन्हे धार्मिक ग्रंथांत आणि दिनदर्शिकांत दिसतात. बाजारात आणि बँकेत 1, 2, 3 हेच आकडे चालतात. नवशिक्या मुलांसाठी ही रांग वगळली तरी चालेल. ठेवायचीच असेल तर दहाचे चिन्ह तेवढे बदलावे, आणि वाचलेल्या जागेत आठ दशके छापावीत.

आपला,
एक वाचक,
मुरूड, जि. रायगड