दादांच्या वहीतला दुसरा रकाना

नौपाडा, ठाणे

प्रिय सुनंदा,

काल फोनवर अमेरिकेतल्या निवडणुकीबद्दल तू म्हणालीस, "यंदा एकतर्फीच होऊ दे गं. चारशेच्या वर जाऊ देत, म्हणजे रोजची कटकट मिटेल." आधी तुझं अभिनंदन. साठी ओलांडल्यावर तू तिकडची नागरिक म्हणून पहिल्यांदा राष्ट्राध्यक्षासाठी मत देणार, याचा मला फार आनंद झाला. पण फोन ठेवल्यापासून तुझं ते वाक्य मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

आपलं पहिलं मत आठवतंय? डिसेंबर १९८४. मतदानाचं वय तेव्हा २१ होतं आणि आपण दोघी त्यात जेमतेम बसलो होतो. इंदिराबाईंच्या हत्येला दोन महिनेही झाले नव्हते. लाट म्हणजे काय, ते तेव्हा पाहिलं. काँग्रेसच्या चारशेवर जागा! आणि तुझे दादा पडलेल्या उमेदवाराचे पोलिंग एजंट. तलावपाळीच्या कट्ट्यावर तुझे डोळे भरून आले होते. "चाळीतली माणसं दादांना हसतात गं," म्हणालीस. दादा मात्र पेपर समोर घेऊन वहीत आकडे उतरवत होते. एका रकान्यात जिंकलेल्याची मतं, दुसऱ्यात हरलेल्याची. शाईच्या पेनानं, एकेक आकडा सुबक. त्यांनीच आपल्याला दाखवलं, की एवढ्या जागा मिळवणाऱ्यांना देशभरातली मतं निम्म्याहून थोडी कमीच पडली होती.

तिकडचा हिशेबही तसाच आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात रेगन ५० पैकी ४९ राज्यं जिंकले, ५३८ पैकी ५२५ इलेक्टोरल मतं, म्हणजे राज्यांना वाटून दिलेली, राष्ट्राध्यक्ष ठरवणारी मतं. तुझे चारशे यातलेच. हरलेल्या माँडेल यांना तरी ४० टक्के लोकांनी मत दिलं होतं. १९३६ साली रूझवेल्ट यांच्याकडून हरलेल्या लँडन यांना दीड कोटीहून जास्त मतं पडली आणि पदरात आली फक्त ८ इलेक्टोरल मतं! बहुतेक राज्यांत जो पुढे तो सगळंच घेऊन जातो. तुमच्या न्यू जर्सीची १४ मतंही तशीच एका पारड्यात जातील.

आणि कटकट मिटते कुठे? १९३६च्या त्या विजयानंतर काही महिन्यांतच रूझवेल्ट यांनी सुप्रीम कोर्टात जादा न्यायाधीश नेमायचा घाट घातला. त्यांच्याच पक्षातले सिनेटर आडवे आले म्हणून तो फसला. निक्सन १९७२ला ४९ राज्यं जिंकले आणि ऑगस्ट १९७४मध्ये राजीनामा देऊन घरी गेले. एवढ्या मोठ्या विजयानंतर त्या माणसाला "हे चुकतंय" म्हणायला जवळचं कुणी धजत नाही, याचीच मला धास्ती वाटते.

तुझा उमेदवार जिंकू दे, मनापासून म्हणते. पण तुझ्या त्या शेजारणीच्या अंगणात दुसऱ्याची पाटी आहे ना, तिच्या घरी निकालानंतरही जात जा. दादांकडे त्या आठवड्यात कुणी फिरकलं नव्हतं.

चाळ रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा ती वही तू माझ्याकडे ठेवलीस. मागची पानं अजून कोरी आहेत. मोजणी संपली की तुझ्या राज्याचे आकडे कळव, दोन्ही बाजूंचे. मी उतरवून घेते.

तुझी,
शैला